औदे केर्कचं छत आणि आमच्या गावचं देऊळ

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच नेदरलँड्सला आले. ट्युलिपच्या बागा, पवनचक्क्या, कालव्यातली बोट असं सगळं रीतसर दाखवून झालं. शेवटच्या आठवड्यात मात्र मी बाबांना एकट्यालाच अ‍ॅमस्टरडॅमच्या औदे केर्कमध्ये घेऊन गेलो. औदे केर्क म्हणजे सरळ मराठीत 'जुनं चर्च'. यात माझा थोडा स्वार्थ होता.

झालं असं, की रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला आहे. लाकडी खांबांचा कौलारू सभामंडप पाडायचा आणि तिथे काँक्रीटचा स्लॅब टाकायचा, असा कमिटीचा विचार. बाबा कमिटीत आहेत. मुंबईकर आणि परदेशातल्या मुलांकडून वर्गणी गोळा करायचं काम त्यांच्याकडे. मी फोनवर विचारलं होतं, "बाबा, मंडप पाडायलाच हवा का?" उत्तर आलं, "अरे, दर मे महिन्यात शाकारणी कोण करणार? गावात माणसं उरली नाहीत. वर वाळवी. तिकडे बसून सांगायला सोपं असतं." त्यांचंही खरंच होतं. मी गप्प बसलो.

औदे केर्क सेंट्रल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. भोवती द वालन, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमची ती प्रसिद्ध लाल दिव्यांची वस्ती. बाबा मान खाली घालून भराभर चालत होते. तिकीट काढून आत गेलो आणि त्यांनी मान वर केली. मग बराच वेळ ती खाली आलीच नाही.

वर सगळं लाकूड! उलट्या ठेवलेल्या भल्यामोठ्या होडीसारखं छत. बाबांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली. त्यांचा पहिला प्रश्न, "दगडी कमान का नाही केली?"

याचं उत्तर जमिनीत आहे. अ‍ॅमस्टरडॅम दलदलीवर वसलेलं शहर. इंग्लंड-फ्रान्समधल्या मोठ्या चर्चना दगडी कमानींचं छत असतं आणि ते वजन पेलायला बाहेरून दगडी टेकू असतात. इथे तसं काही केलं असतं, तर इमारत खचली असती. म्हणून भिंतींना बरीचशी वीट आणि वर हलकं लाकूड. छताच्या ओकच्या फळ्या एस्टोनियातून आलेल्या, १३९० च्या सुमाराच्या. बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे सहाशे वर्षांहून जास्त. वाळवी नाही लागत?" मी म्हटलं, "इथे थंडी आहे, बाबा. पण ओल आपल्याइतकीच आहे."

हे शहरातलं सर्वांत जुनं पॅरिश चर्च. १३०६ मध्ये उत्रेख्तच्या बिशपनं ते दर्यावर्दी लोकांचा रक्षक संत निकोलस याच्या नावानं पवित्र केलं. तेव्हा ते लहान होतं. पुढची अडीचशे वर्षं जसा पैसा येईल तसं वाढत गेलं. कधी बाजूचे सोपे, कधी चॅपल, कधी मनोऱ्याची उंची. एकाच्या नकाशावर एका दमात बांधलेलं ते नाहीच.

१५६६ मध्ये मूर्तिभंजकांनी आतल्या मूर्ती फोडल्या. १५७८ मध्ये शहर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं आणि चर्चही. त्याआधी इथे लोक गप्पा मारायला जमत, फेरीवाले माल विकत, भिकारी आसऱ्याला येत. नव्या मंडळींनी ते बंद केलं. ऑर्गन मात्र वाजत राहिला. स्वेलिंक हा मोठा संगीतकार चाळीसहून अधिक वर्षं इथे वाजवत होता. त्याचा पगार शहर देत असे. धर्म बदलला, रिवाज बदलले, छत तेच राहिलं.

जमीन मात्र सगळी थडग्यांची. सुमारे अडीच हजार फरश्या, त्यांखाली हजारो माणसं. चित्रकार रेम्ब्रांटची बायको सास्किया १६४२ पासून इथे आहे. पुढे रेम्ब्रांट कर्जात बुडाला आणि १६६२ मध्ये त्यानं ती जागा विकली. हे सांगितल्यावर बाबा त्या फरशीपाशी थांबले. "पैशाची वेळ वाईट असते रे," एवढंच म्हणाले.

विसाव्या शतकात ही इमारतही मोडकळीला आली होती. १९५५ ते १९७९, म्हणजे तब्बल चोवीस वर्षं दुरुस्ती चालली. त्यात जुन्या रंगाखाली दडलेली छतावरची चित्रं पुन्हा उजेडात आली. आज इथे रविवारी प्रार्थना होते आणि एरवी आधुनिक कलेची प्रदर्शनं भरतात.

माझ्या कामात जुनी सिस्टिम समोर आली, की नव्या मुलांचं पहिलं वाक्य ठरलेलं : "फेकून द्या, नवीन लिहू." मीही पूर्वी तेच म्हणायचो. मग कळलं, की त्या जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या ओळींमागे कुणीतरी सोसलेली अडचण असते. नवीन लिहिताना ती पुन्हा सोसावी लागते.

बाहेर कालव्याकाठच्या बाकावर बसल्यावर मी म्हणालो, "बघितलंत ना?" बाबा हसले. "बघितलं. पण इथे चोवीस वर्षं दुरुस्तीला पैसा होता. आणि आपल्याकडे खाली कातळ आहे, स्लॅबच्या वजनाची भीती नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "मात्र आपण सुतार बोलावून खांब तपासलेच नाहीत, हे खरं."

मे अखेरीस ते परत गेले. पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांनी शेजारच्या गावातून एका म्हाताऱ्या सुताराला आणलं. त्यानं एकेक खांब ठोकून पाहिला. सोळापैकी तेरा खणखणीत, तीन तळाशी कुजलेले. वासे निम्मे बदलावे लागतील. कमिटीत अजून दोन तट आहेत. तरुण मुलांना स्लॅबच हवा आहे आणि शाकारणीच्या प्रश्नाला बाबांकडेही पक्कं उत्तर नाही. निर्णय दिवाळीनंतरच्या सभेवर गेला आहे.

मी माझी वर्गणी पाठवली. फोनवर बाबांनी विचारलं, "पावतीवर काय लिहू?" मी म्हटलं, "सुतारकामासाठी."

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "बरं. लिहितो."