भीतीवरचं औषध आणि गुंगीची गोळी

‘कुत्र्याला मनाच्या आजाराची गोळी? म्हणजे दिवसभर गुंगीत पाडून ठेवायचं ना?’ हे ऐकून ऐकून कान किटले. आणि असं विचारणारेच दिवाळीच्या आदल्या दिवशी ‘झोपेचं काहीतरी द्या’ म्हणत मेडिकलच्या दारात उभे असतात!

गुंगी आणणं वेगळं, भीती कमी करणं वेगळं. फटाक्यांसाठी वर्षानुवर्षं दिलं गेलेलं ॲसिप्रोमॅझीन घ्या. त्यानं अंग ढिलं पडतं, डोळे अर्धवट मिटतात, आपल्याला वाटतं शांत झोपलाय. त्याला मात्र सगळं ऐकू येत असतं, भीतीही तेवढीच असते. फक्त पळता येत नाही. काही कुत्री तर आवाजानं जास्तच दचकतात. एकट्या याच गोळीवर भागवणं म्हणजे मुक्या जिवाचा छळ आहे.

भीती कमी करणारी क्लोमिप्रामीन आणि फ्लुऑक्सेटीन मात्र मेंदूतल्या सेरोटोनिनवर सावकाश काम करतात. गुण यायला चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला भूक मंदावते, थोडी सुस्तीही येते. कुत्रं पेंगतच राहिलं तर डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलता येते. हे प्रयोग आहेत असं वाटत असेल, तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कुत्र्यांच्या एकटेपणाच्या भीतीसाठी क्लोमिप्रामीनला १९९८ साली आणि फ्लुऑक्सेटीनला २००७ साली मान्यता दिली आहे.

ही मान्यताही वागणूक सुधारण्याच्या सरावाच्या जोडीनं. मालक बाहेर पडताच दाराची चौकट कुरतडून हिरड्या रक्ताळून घेणाऱ्या कुत्र्याला काय शिकवणार? आधी भीती उतरायला हवी, मग शिकवलेलं डोक्यात शिरतं.

असेच आणखी काही गैरसमज. ‘मारलं की सुधारतो’: घाबरलेलं कुत्रं मारानं आणखी घाबरतं आणि चावतं. ‘जवळ घेतलं तर भित्रं होतं’: नाही होत, खुशाल घ्या. ‘मांजर मुद्दाम गादीवर मुततं’: आधी लघवीची तपासणी करा. ‘घरातली माणसाची गोळी अर्धी करून देऊ’: अजिबात नको.

जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाला कुत्रं थरथरत असेल, तर नोव्हेंबरातच डॉक्टर गाठा. ऐन वेळेसाठी वेगळी औषधं असतात, पण तीही आधी एकदा देऊन पाहावी लागतात. आणि गोचिडांसाठी अमिट्राझ लावलं असेल तर ते न विसरता सांगा. क्लोमिप्रामीन किंवा फ्लुऑक्सेटीनसोबत ते जिवावर बेतू शकतं.