दवाखान्याचा कचरा आणि त्याचा धूर

‘जाळून टाकलं की पीडा गेली’ अशी आपली फार जुनी समजूत आहे. ती अगदीच खोटी आहे असे नाही. अग्नी रोगजंतूंना मारतो, आणि म्हणूनच दवाखान्यातला कचरा जाळावा असे पुष्कळ वर्षे सगळीकडे मानले गेले. पण वस्तू जळली म्हणजे नाहीशी झाली असे नव्हे. तिचा काही भाग धूर होतो, काही राख होतो. शिक्षकांनी वर्गात मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर पांढरी बशी धरून दाखवावी. पांढऱ्याशुभ्र मेणातून काळी काजळी निघते, हे मुले डोळ्यांनी पाहतील. मग रबर, प्लॅस्टिक, औषधे, रक्ताचा कापूस असे सारे एकत्र जाळल्यावर काय निघत असेल?

आधी कचरा किती ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे दवाखान्यातून शंभर किलो कचरा निघाला, तर त्यातला सुमारे पंच्याऐंशी किलो आपल्या घरातल्यासारखाच साधा असतो: कागद, खोकी, उष्टेखरकटे. धोक्याचा असतो तो उरलेला पंधरा किलो. पण सगळा एकाच पिंपात टाकला, की तो पंधरा किलो सारा शंभर किलो बाटवतो. नासक्या आंब्याने अढी नासावी तसेच हे.

आता जाळण्याकडे वळू. सलाईनच्या नळ्या, रक्ताच्या पिशव्या यांपैकी बऱ्याच वस्तू ‘पीव्हीसी’ नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. या प्लॅस्टिकच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग क्लोरिनचा असतो. ते जळले की झोंबणारा आम्लवायू निघतो. शिवाय अर्धवट जळालेला धूर दोनशे ते चारशे अंशांच्या दरम्यान थंड होऊ लागला, की त्यात डायॉक्सिन आणि फ्युरान नावाची विषे तयार होतात. दवाखान्यामागे खड्डा करून, रॉकेल ओतून कचरा पेटवला, म्हणजे जणू या विषांची भट्टीच लावली असे होते.

कोणी म्हणेल, ‘धूर वर जातो, आम्हाला काय त्याचं?’ धूर वर जातो खरा, पण विष खाली उतरते. ते गवतावर बसते, गवत गाय खाते, आणि ते गायीच्या चरबीत आणि दुधात उतरते. माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायॉक्सिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक श्वासातून नव्हे, तर अन्नातून जाते. एकदा शिरले की ते लवकर जात नाही. निम्मे व्हायलाच सात ते अकरा वर्षे लागतात. या विषांतल्या सर्वांत जहाल प्रकाराने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली दिला. पारा तर जळतच नाही. फुटक्या थर्मामीटरमधला पारा वाफ होऊन धुराबरोबर निघून जातो.

मग जाळायचेच नाही काय? काही वस्तू जाळाव्याच लागतात. पण त्यासाठी भट्टी शास्त्रशुद्ध हवी. आपल्या देशात 1998 साली याविषयी नियम झाले आणि 2016 साली ते अधिक कडक झाले. भट्टीला दोन खण हवेत. पहिल्यात निदान आठशे अंश उष्णता हवी. दुसऱ्यात सुमारे एक हजार पन्नास अंश हवी, आणि तिथे धूर दोन सेकंद तरी टिकला पाहिजे. धुराडे तीस मीटर उंच हवे. एका ग्रॅमचे एक हजार कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग, इतकेच डायॉक्सिन एक घनमीटर धुरात चालते. यावरून हे विष किती जहाल आहे ते ओळखावे.

तरीही भट्टी वस्तीजवळ असली, की कुरबूर होतेच. मुंबईत गोवंडीजवळच्या अशा भट्टीविषयी रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. 2023 साली उच्च न्यायालयाने ती दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात हलवावी असे सांगितले. पण धुराडे शहरातून उचलून खेड्याजवळ नेले, म्हणजे धूर संपला असे नाही. खरा उपाय जाळायचा कचरा कमी करणे हाच.

त्यासाठी नियमांत रंग ठरवले आहेत. जाळायचा कचरा पिवळ्या पिशवीत. नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत. या जाळायच्या नाहीत, दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करायचे. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काच निळ्या खोक्यात. सुई साध्या आगीत टाकली तर तिचे टोक तसेच राहते आणि राख उपसणाऱ्याच्या हातात घुसते. कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक साठवायचा नाही. जिथे सामायिक केंद्राची गाडी पोहोचतच नाही, अशा दूरच्या गावी दोन मीटर खोल खड्डा घेऊन, वर चुना व माती टाकून पुरण्याची मुभा आहे. मात्र विहीर जवळ नको.

हे नियम केवळ मोठ्या इस्पितळांसाठी नाहीत. गुरांचा दवाखाना, लसीकरणाचे शिबिर, शाळेतली प्रथमोपचाराची खोली, सारे त्यांत येतात. तेव्हा ग्रामसभेत एवढे विचाराच: ‘आपल्या आरोग्यकेंद्राचा कचरा कोण नेतो, आणि किती दिवसांनी?’ गुरांना टोचलेली सुई बांधावर फेकू नका. घरातली इन्शुलिनची सुई जाड डब्यात साठवून दवाखान्यात विचारून द्या. मागच्या अंगणात कचरा पेटलेला दिसला, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. रोग बरा व्हावा म्हणून दवाखाना असतो. त्याच्याच धुरातून नवा रोग आपल्या दुधाच्या चरवीत उतरू नये, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून घेतली पाहिजे.