दीडशे रुपयांचं घड्याळ

तुमच्या मनगटावर घड्याळ आहे का? असेल तर जरा बघा बरं. किती वाजले ते नको सांगू, ते बरोबर चालतं का ते सांगा. "हो, बरोबरच आहे," असंच म्हणालात ना? पण कशावरून?

हाच प्रश्न आमच्या करमाडच्या शाळेत निघाला, आणि तोही भांडणातून. पाचवीतल्या एका मुलाला वडिलांनी बाजारातून दीडशे रुपयांचं आकड्यांचं घड्याळ आणून दिलं होतं. काळा प्लॅस्टिकचा पट्टा, बाजूला दिव्याचं बटण. स्वारी खुशीत वर्गात आली. शेजारच्या मुलाच्या हातात मात्र मामानं दिलेलं तीन हजारांचं, सोनेरी काट्यांचं घड्याळ. तो पटकन बोलून गेला, "तुझं भंगार आहे. आठ दिवसांत बघ, कुठल्या कुठं जाईल!" झालं! आमच्या पठ्ठ्यानं शर्टाची बाही खाली ओढली, ती शाळा सुटेपर्यंत वर केलीच नाही.

मला वाईट वाटलं. पण नुसतं रागावून काय होणार? मी म्हटलं, "मोजूनच बघू या की!" माझ्या हातात माझ्या वडिलांचं चावीचं घड्याळ होतं, तेही शर्यतीत घातलं. खरं सांगते, तेच जिंकणार असं मला मनातून वाटत होतं.

सोमवारी परिपाठ झाल्यावर तिन्ही घड्याळं मोबाइलशी सेकंदाला सेकंद जुळवली. मोबाइल आपली वेळ नेटवर्कवरून दुरुस्त करून घेतो, म्हणून तो पंच. नियम एकच : मध्ये कुणी वेळ बदलायची नाही. दर सोमवारी जेवढा फरक पडेल तेवढा वहीत लिहायचा.

पहिल्याच सोमवारी माझं घड्याळ तब्बल सव्वादोन मिनिटं पुढे! पोरं खो खो हसली. सोनेरी घड्याळ 2 सेकंद पुढे होतं आणि दीडशेवालं 3 सेकंद मागे. असे आम्ही आठ सोमवार मोजले. मध्ये स्वस्त घड्याळाचा पट्टा तुटला, मग ते दोऱ्यात ओवून दप्तराला बांधलं. पण त्यानं वेळ काही सोडली नाही. शेवटी सोनेरी 17 सेकंद पुढे, दीडशेवालं 25 सेकंद मागे. आता हिशेब करा. आठ आठवडे म्हणजे 48,38,400 सेकंद. त्यात 25ची चूक, म्हणजे जवळजवळ दोन लाखांत एक! परीक्षेत इतकं बरोबर लिहिणारा कुणी भेटलाय का तुम्हाला?

ही करामत आहे गारगोटीची. हो, आपल्याकडे विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळीत चमचमते खडे सापडतात ना, त्यांतलीच गारगोटी. तिलाच क्वार्ट्झ म्हणतात. 1880 साली पिअर आणि झाक क्युरी या फ्रेंच भावांना दिसलं, की असे स्फटिक दाबले की त्यांतून वीज निर्माण होते. उलटंही होतं : स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकसतो, फुगतो. घड्याळातला स्फटिक मात्र खाणीतला नसतो, तो कारखान्यात वाढवतात. दोन पायांच्या चिमट्यासारखा त्याचा आकार, अगदी विज्ञानाच्या तासाला वाजवतात त्या नादकाट्याचं चिमुकलं पिल्लू! सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो.

हा विचित्र आकडा कुठून आला? कागद घ्या आणि 32,768ची निम्मी करा. मग त्याची निम्मी, पुन्हा निम्मी. पंधराव्यांदा काय उरतं? बरोबर 1! घड्याळातली चिप हेच करते, आणि दर सेकंदाला काट्याला एक टिचकी मिळते. माझं चावीचं घड्याळ सेकंदाला जेमतेम पाच टोले टाकतं. तेल सुकलं, हात हलला, की त्यात फरक पडतो.

मग तीन हजार रुपये कशाचे? काचेचे, मुलाम्याचे, पट्ट्याचे आणि नावाचे. तसला स्फटिक लाखोंनी बनतो, त्याच्या टोकांवरचा धातूचा थर लेसरनं किंचित उडवून त्याची थरथर जुळवतात, आणि बहुतेक घड्याळांत तो सारख्याच जातीचा असतो. सगळीच स्वस्त घड्याळं इतकी गुणी निघतील असं नाही हं. एखादं आठवड्याला आठ-दहा सेकंदही चुकतं, आणि पाणी शिरलं तर संपलंच. पण 1927 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी जे. डब्ल्यू. हॉर्टन यांच्यासोबत पहिलं क्वार्ट्झ घड्याळ केलं, ते मनगटावर मावणारं नव्हतंच. मनगटावरचं पहिलं क्वार्ट्झ घड्याळ विकायला आलं 25 डिसेंबर 1969 रोजी, जपानमध्ये. सेइको कंपनीच्या त्या 'अ‍ॅस्ट्रॉन'ची किंमत होती साडेचार लाख येन. तेवढ्यात तिथं एक छोटी मोटार यायची!

आणखी एक गंमत. हा स्फटिक साधारण 25 अंश सेल्सिअसला खूश असतो. ऊन झालं तरी तो मागे पडतो आणि थंडी पडली तरीही मागेच! आपल्या मे महिन्यातल्या चाळीस अंशांत दिवसाला अर्धा-पाऊण सेकंद जातो. म्हणून घड्याळ पत्र्याखाली फळीवर ठेवण्यापेक्षा हातात बांधलेलं बरं. अंगाची ऊब फारशी बदलत नाही.

आता वहीतली खरी मौज. तो मुलगा चौथ्या सोमवारी म्हणाला, "बाई, हे दर आठवड्याला तीनच सेकंद मागं पडतंय. म्हणजे आठव्याला चोवीस असणार." आणि निघाले 25! 1761 साली जॉन हॅरिसन या इंग्रज सुतारानं घडवलेलं घड्याळ जहाजातून जमैकाला गेलं, तेव्हा हीच युक्ती वापरली होती. घड्याळ रोज किती चुकतं ते आधीच मोजून ठेवलं, तेवढं हिशेबात धरलं, आणि 81 दिवसांनी फरक निघाला फक्त पाच सेकंदांचा. तेवढ्यासाठी त्यानं सारं आयुष्य घातलं होतं.

तुम्हीही करून बघा. येत्या सोमवारी घड्याळ जुळवा, वहीत तारीख लिहा, पुढे लिहा 'फरक 0'. निदान महिनाभर त्याला हात लावू नका.

आमच्या त्या मुलाला मी विचारलं, "अरे, आता तरी जुळव की घड्याळ!" तर म्हणाला, "नको बाई, किती मागं आहे ते मला माहीत आहे." बाही वर गुंडाळलेली होती.