डोळा लावायचा की हात लांब करायचा

फोटोग्राफरांच्या जमातीत एक न बोललेली उतरंड आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून फोटो काढतो तो खरा फोटोग्राफर, आणि हात लांब करून मागच्या स्क्रीनकडे बघत काढतो तो हौशी. लग्नाच्या मांडवात हे लगेच कळतं. स्क्रीनवर बघून क्लिक करणाऱ्या नव्या पोराला जुना फोटोग्राफर एवढंच विचारतो, "मोबाइल आहे का तो?" पोरगं ओशाळतं आणि कॅमेरा निमूट डोळ्याला लावतं. डहाणू तालुक्यात सरावलीच्या आसपास लग्नं, हळदी, शाळांची स्नेहसंमेलनं आणि चिकूच्या वाड्या टिपत फिरताना ही उतरंड मला हळूहळू पटेनाशी झाली.

एक तर तिला इतिहासाचा आधार नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. त्यांच्या कॅमेऱ्याला डोळा लावायची सोयच नव्हती. लाकडी पेटीच्या मागे दुधी काच, तिच्यावर भिंगातून पडलेलं चित्र आणि बघणाऱ्याच्या डोक्यावर काळं कापड. म्हणजे स्क्रीनच की ती! चित्रही उलटं पडायचं, डोकं खाली आणि पाय वर. गैरसोय वाटते, पण तिचा उपयोग होता. उलट्या चित्रात माणूस चटकन ओळखू येत नाही, तेव्हा आकार दिसतात. पगडीचा गोळा, धोतराचा पांढरा पट्टा, खुर्चीच्या पाठीची तिरकी रेघ आणि या सगळ्यांमधली मोकळी जागा.

पुढे छातीशी धरायचे रोलीफ्लेक्ससारखे कॅमेरे आले. त्यातही मान खाली घालून वरच्या काचेतच बघायचं. चित्र सुलटं, फक्त डावं-उजवं अदलाबदल. डहाणूहून गाडीने वर गुजरातकडे गेलं की नवसारी लागतं. तिथे 1913 साली जन्मलेल्या होमाय व्यारावाला या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या हातात रोलीफ्लेक्स असायचा. त्यांना हौशी म्हणायची कोणाची छाती झाली असती?

आपल्याकडे डोळा लावायची सवय घरोघरी पोचवली ती बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीने. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो आणि वर एक इवलीशी खिडकी. खिडकी एकीकडे आणि भिंग दुसरीकडे, त्यामुळे माणूस जवळ आला की दोघांना दिसणारं चित्र वेगळं व्हायचं. जुन्या अल्बमात कपाळापासून वर कापलेले काका-मावश्या आहेत, ते बऱ्याचदा या फरकाने कापलेले आहेत. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्याने हा घोळ मिटवला. भिंगातून येतं तेच आरशावरून आणि प्रिझममधून डोळ्यापर्यंत येऊ लागलं. पण त्याची एक गंमत कोणी सांगत नाही. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार. म्हणजे जो क्षण फोटोत येतो, नेमका तोच फोटोग्राफरने पाहिलेला नसतो.

आता उन्हाचं बोलू, कारण आमच्याकडे निम्मा निकाल ऊनच लावतं. डहाणूच्या किनाऱ्यावर, बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात तिथे सकाळी दहानंतर स्क्रीन उघडून बघा. स्वतःचं कपाळ, मागचं आकाश आणि बोटांचे ठसे दिसतील, बोंबील दिसणार नाहीत. ब्राइटनेस वाढवला तर बॅटरी पळते. पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर कॅमेरा उभा धरल्यावर किंवा आडवा धरल्यावर स्क्रीन चक्क काळी पडू शकते आणि माणसाला वाटतं कॅमेराच बंद पडला. इथे डोळा लावण्याला पर्याय नाही. डोळ्याभोवतीचं रबर उजेड अडवतं, कपाळ कॅमेऱ्याला टेकतं, कोपरं बरगड्यांना लागतात आणि हाताची थरथर अर्धी कमी होते. हात लांब करून धरलेल्या कॅमेऱ्याला हा टेकू मिळत नाही. एक उपाय आहे, पट्टा मानेत अडकवून कॅमेरा पुढे ताणून धरायचा. ताणलेला पट्टाच टेकू होतो. लोक हसतात, पण फोटो हलत नाही.

मात्र याच किनाऱ्यावर व्ह्यूफाइंडरही फसवतो. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी सुमारे 275 मीटर उंच आहे. समुद्राकडून, खाडीकडून, वाडीतून, कुठूनही फ्रेम लावा, ती कोपऱ्यात डोकावते. तुम्ही नीट डोळा लावून तिला चौकटीबाहेर ठेवता आणि घरी येऊन बघता तर कडेला तिची पट्टी उभी! यात भूत नाही. कॅनन 1500डी किंवा निकॉन डी3500 सारख्या परवडणाऱ्या कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये लांबी-रुंदीचा प्रत्येकी साधारण 95 टक्केच भाग दिसतो. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर फोटोचा जवळपास दहावा हिस्सा तुम्ही न बघताच काढता. मागची स्क्रीन पूर्ण चित्र दाखवते. महागड्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरही पूर्ण दाखवतो, पण लग्नाच्या हंगामात ज्यांच्यावर पोट चालतं ते सगळेच महागडे नसतात.

खरी परीक्षा घराच्या आत होते. वारली लग्नात घरातल्या भिंतीवर चौक लिहितात. सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहितात, मधोमध पालघट देवी, भोवती रेषांच्या आणि त्रिकोणांच्या किनारी. लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी चालू असतात. याच भिंतीवरची चित्रकला कागदावर आणणारे जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातल्या गंजाडचे, 2011 चे पद्मश्री. पण कागदावरची वारली आणि कुडाच्या भिंतीवरचा चौक यांचा फोटो काढणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खोली लहान, खिडकी नाही किंवा असून नसल्यासारखी, आणि उजेड फक्त दारातून तिरका येणारा. दारात तुम्ही उभे राहिलात की तोही गेला.

अशा खोलीत घरच्यांना विचारून, चपला बाहेर काढून, समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. चौक पूर्ण बसत नाही. 18 एमएमला जाऊनही एक कड बाहेर राहते. इथे डोळा लावणाऱ्याचं नुकसान होतं, कारण कॅमेऱ्याच्या मागे त्याचं डोकं असतं आणि त्या डोक्याला वीतभर जागा लागते. बाजूला उघडणारी स्क्रीन असेल तर कॅमेऱ्याची पाठ थेट भिंतीला टेकवता येते, आपण शेजारी उकिडवं बसून स्क्रीनकडे बघायचं. तेवढ्या वितीत चौकाची राहिलेली कड आत येते.

मग ओळी. चौक चौकोनी आहे, तो फोटोतही चौकोनी यायला हवा. कॅमेरा जरा वर झुकला की वरची बाजू अरुंद होते आणि देवी मागे कलल्यासारखी दिसते. स्क्रीनवर ग्रिड आणि लेव्हल लावून कॅमेरा केसभर खाली, केसभर डावीकडे असं करत किनार ग्रिडच्या रेघेला समांतर आणायची. हे काम डोळा लावूनही होतं, पण स्क्रीनवर ते चित्रासारखं समोर असतं, म्हणून चूक लगेच दिसते. पिठाच्या पांढऱ्याचंही तसंच. भिंत तपकिरी आणि काळपट, कॅमेऱ्याचं मीटर ती बघून उजेड वाढवतं आणि पांढऱ्या रेषा जळून फुटतात. आरशाच्या व्ह्यूफाइंडरमध्ये हे कळत नाही, तिथे नुसता खरा देखावा दिसतो. स्क्रीनवर एक्स्पोजर कमी करत गेलं की रेषेतला पिठाचा खरखरीत पोत परत येताना दिसतो. बोटाचा किंवा काडीचा फराटा कुठे सुरू झाला आणि कुठे पीठ संपलं, तेही. फक्त अंधाऱ्या खोलीत स्क्रीन आहे त्यापेक्षा उजळ भासते, म्हणून तिच्या उजेडावर विसंबू नये. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघावा.

रात्री अंगणात तारपा नाच सुरू झाला की पुन्हा पारडं फिरतं. तारपावाल्याच्या भोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी फिरते, वळते, गुंडाळत जाते. तिथे उघडी स्क्रीन म्हणजे अंधारात पेटवलेला दिवा. आपले डोळे दिपतात, नाचणाऱ्यांनाही त्रास. डोळा लावावा आणि दुसरा डोळा उघडा ठेवावा. उजवा चौकटीत, डावा बाहेर, म्हणजे साखळीचं टोक कुठून येतंय ते आधी कळतं. ही सवय जमायला वेळ लागतो. डावा डोळा घट्ट मिटून तोंड वाकडं करणारे फोटोग्राफर आयुष्यभर तसेच राहतात. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांनी या सगळ्या भांडणातली हवा थोडी काढून घेतली आहे. त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्येही छोटी स्क्रीनच असते, एक्स्पोजर आधीच दिसतं आणि अंधारात तर डोळ्यापेक्षा जास्त दिसतं.

एक कारण मात्र कोणी मोठ्याने बोलत नाही, ते म्हणजे चाळिशी. चाळिशी लागलेल्या माणसाला फूटभर अंतरावरची स्क्रीन चष्म्याशिवाय धूसर दिसते आणि फोकस बरोबर आहे की नाही हे अंदाजानेच ठरवावं लागतं. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र सहसा मीटरभर लांब असल्यासारखं दिसतं आणि शेजारची बारीक चकती फिरवून ते आपल्या नंबराला जुळवता येतं. "डोळा लावतो तो खरा" असं ठासून सांगणारे बरेचसे पन्नाशीचे असतात. त्यांच्या तत्त्वनिष्ठेत चष्म्याच्या नंबराचा वाटा बराच असावा, असा माझा संशय आहे.

समोरच्या माणसाचंही यात मत असतं. डोळा लावला की त्याला तुमचा अर्धा चेहरा आणि एक काळं भिंग दिसतं. लहान मुलं घाबरतात, म्हाताऱ्या ताठ होतात. स्क्रीनकडे बघत बसलात तर वेगळी तक्रार. एका आजीने मला ऐकवलं, "माझ्याकडं बघ ना, त्या डब्यात काय बघतोस?" तिचं बरोबर होतं. फ्रेम स्क्रीनवर एकदा बसवायची, कॅमेरा पोटाशी स्थिर धरायचा, मग मान वर करून तिच्याशी बोलायचं आणि बोलता बोलता बटण दाबायचं. ही तिसरी पद्धत. तिच्यात क्लिक करताना डोळा ना खिडकीत असतो ना पडद्यावर. माणसांच्या फोटोंसाठी मला तीच सगळ्यात चांगली वाटते.

माझं मत सरळ आहे. रचना करायला स्क्रीन सरस आहे आणि क्षण पकडायला व्ह्यूफाइंडर. भिंत, वाडी, घर, स्थिर बसलेला माणूस यांना स्क्रीन, आणि नाच, धावणारी पोरं, किनाऱ्यावरचं ऊन यांना डोळा. ज्याच्या कॅमेऱ्यात एकच सोय आहे त्याने ती लाज न वाटता वापरावी. आणि नवा कॅमेरा घ्यायला गेलात तर मेगापिक्सेल मोजत बसू नका. आधी चष्म्यासकट डोळा लावून चारही कोपरे दिसतात का ते बघा, मग तो कॅमेरा घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात या आणि स्क्रीनवर रस्ता दिसतो का ते तपासा. दुकानदार आत बोलावेल. त्याला दोन मिनिटं थांबायला सांगा.