बालसंधिवात : दोष जनुकांत कमी, त्यांच्या नियमनात जास्त (लेखांक 6)

सोळा वर्षांच्या आतल्या मुलाचा सांधा सुजला, सूज 6 आठवडे टिकून राहिली आणि तिचे दुसरे कोणतेही कारण सापडले नाही, तर त्या आजाराला बालसंधिवात म्हणतात. सहा आठवड्यांची अट उगीच नाही. विषाणूजन्य तापानंतरची सांधेदुखी मुलांत बहुधा त्याआधीच ओसरते. या एका नावाखाली सात प्रकार येतात. युरोपात लहान मुलींमध्ये मोजकेच सांधे धरणारा प्रकार अधिक आढळतो. भारतातल्या रुग्णालयांत मात्र थोड्या मोठ्या मुलग्यांचे प्रमाण लक्षणीय असते. त्यांची टाच आणि कंबर दुखते, सकाळी अंग आखडते, आणि अनेकांत एचएलए-बी27 हे जनुक सापडते.

हे जनुक असूनही बहुतेकांना आजार होत नाही. मग तो होतो कशामुळे? 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 2,816 रुग्णांचा डीएनए तपासला गेला आणि आजाराशी जोडलेली 14 नवी ठिकाणे हाती लागली. अशा ठिकाणांपैकी बहुतेक प्रथिने घडवणाऱ्या भागांत नसतात. ती जनुकांच्या आगेमागे, कधी बरीच दूर, ‘एन्हान्सर’ नावाच्या पट्ट्यांत असतात. कोणते जनुक कोणत्या पेशीत किती जोराने चालावे, हे असे पट्टे ठरवतात. डीएनए सगळ्या पेशींत जवळपास एकच असला, तरी तो हिस्टोन प्रथिनांभोवती कुठे घट्ट गुंडाळलेला असतो, कुठे सैल. सैल भागातली जनुके वाचली जातात. म्हणून एकाच बदलाचा यकृताच्या पेशीवर काहीच परिणाम होत नाही, पण पांढऱ्या पेशीत तोच बदल आग भडकवू शकतो.

बालसंधिवाताशी निगडित पट्टे मदतनीस टी पेशी आणि न्यूट्रोफिल या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींत विशेष सक्रिय दिसतात. यातले न्यूट्रोफिल महत्त्वाचे आहेत. जंतूंवर तुटून पडणाऱ्या साध्या शिपाईपेशी म्हणून पूर्वी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले जात नसे. अमेरिकेत जेम्स जार्विस यांच्या गटाने अनेक सांधे धरलेल्या मुलांच्या रक्तातील न्यूट्रोफिल सतत चेतावलेले असल्याचे दाखवले. औषधावर असताना सूज पूर्ण उतरलेल्या मुलांच्या पेशींतही जनुकांचे चलनवलन निरोगी मुलांसारखे झालेले नव्हते. मूल धावू-खेळू लागले की औषध बंद करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण सांधा शांत झाला तरी पेशी शांत झालेल्या असतीलच असे नाही. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नये, याचे एक कारण हेच.

नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या संशोधकांनी 2015 मध्ये मुलांच्या सांध्यातील पाण्यातून टी पेशी काढून पाहिल्या. आजाराशी संबंधित जनुकांजवळ त्यांना एन्हान्सरांचे दाट पुंजके आढळले. हे पुंजके वाचणारी प्रथिने प्रयोगशाळेत रोखताच त्या जनुकांचा जोर उतरला. प्रत्यक्ष उपचारात हा मार्ग अजून आलेला नाही. टोफासिटिनिब हे औषध मात्र पेशीच्या पडद्यापासून जनुकापर्यंत जाणारा निरोप अडवते. अमेरिकेत 2020 मध्ये त्याला बालसंधिवातासाठी मान्यता मिळाली.

हे संशोधन परदेशातले; पण संधिवाताच्या नोंदी पुणे जिल्ह्यातही झाल्या आहेत. दौंड तालुक्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यातील भिगवण हे संधिवाताच्या जागतिक अभ्यासात ठाऊक असलेले गाव आहे. डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये तिथे सुरू केलेल्या पाहणीत 4,092 जणांची विचारपूस झाली, 746 जणांना सांधे-स्नायूंचे दुखणे आढळले. पाहणी प्रौढांची होती, मुले तीत नव्हती. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे केईएम रुग्णालयाची 22 गावांची आरोग्यनोंद 2002 पासून चालू आहे. बालसंधिवात दुर्मीळ असल्याने त्याची मोजणी अशाच मोठ्या, सलग नोंदीतून होऊ शकते.

अशा नोंदीला जनुकनियमनाचा अभ्यास जोडायचा तर रक्ताचा नमुना लगेच हाताळावा लागेल. न्यूट्रोफिल शरीराबाहेर फार काळ तग धरत नाहीत, आणि नमुना ठेवून दिला तर जनुकांची हालचाल बदलते. शिरूर तालुक्यातील न्हावरे किंवा दौंड तालुक्यातील पाटस येथे घेतलेले रक्त त्याच दिवशी, काही तासांत पुण्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवणे किंवा पेशी वेगळ्या करण्याची सोय तालुक्यातच करणे, हे दोनच पर्याय उरतात.