काचेआडचं तारण

मराठी मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात काचेचं एक कपाट असतं. त्याला कपाट म्हणायचं नाही, ‘शोकेस’ म्हणायचं. वरच्या खणात शाळेतले चषक, मधल्या खणात लग्नात आलेला आणि आजवर न वापरलेला टी-सेट, आणि कोपऱ्यातल्या खणात प्राणी. लाकडी अस्वल, लाल घोडा, चिनी मातीची मांजर, गळ्यात घंटा बांधलेली गाय. पाहुण्याची नजर तिकडे वळायची खोटी, की घरची माउली सांगते, “ते ना, थोरला शिकायला होता तेव्हाचं.”

परदेशी शिकायला गेलेली मुलं घरी प्राणीच का आणत, हा प्रश्न गमतीचा आहे. चर्चचं चित्र आजीला काय कळणार? कपडे मापाचे निघतील याची खात्री नाही. वाइनची बाटली तर घरात नेण्याची सोय नाही. प्राणी मात्र बॅगेत पायमोज्यांच्या घडीत मावतो, खिशाला परवडतो आणि त्याची भाषा कुणाला शिकवावी लागत नाही.

यातल्या प्रत्येकाला कुळ आणि मूळ असतं. कमरेला पाच कड्यांचा पट्टा बांधलेलं अस्वल दिसलं, तर तो मीशा; १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी व्हिक्टर चिझिकोव यांनी रेखाटलेला. समारोपाच्या दिवशी भलामोठा मीशा फुग्यांना बांधून आकाशात सोडला, तेव्हा स्टेडियममधली माणसं रडली होती. १९६० साली मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ निघालं, पुढे त्याला पॅट्रिस लुमुम्बा यांचं नाव मिळालं. तिथं शिकलेल्या आपल्याकडच्या मुलांच्या घरी हा मीशा हमखास सापडतो. ज्या देशातून तो आला तो १९९१च्या डिसेंबरात नकाशावरून गेला, अस्वल राहिलं.

लाल घोडा स्वीडनमधल्या दालार्ना प्रांतातला. हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीपाशी बसून उरल्यासुरल्या लाकडातून पोरांसाठी कोरलेलं ते खेळणं. १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनात घोडा मांडला गेला आणि जगभर पोचला.

जपानच्या होक्काइडो बेटावरच्या लाकडी अस्वलाची हकिकत त्याहून न्यारी. तोकुगावा घराण्यातले योशिचिका १९२१-२२ मध्ये युरोपात फिरत होते. स्वित्झर्लंडमध्ये त्यांना कोरीव लाकडी अस्वलं दिसली. होक्काइडोवरच्या याकुमो गावात त्यांच्या घराण्याची शेती होती आणि हिवाळ्यात तिथल्या शेतकऱ्यांच्या हाताला काम नसे. नमुना म्हणून काही अस्वलं ते घेऊन आले आणि १९२४ साली याकुमोत पहिलं अस्वल कोरलं गेलं. एकाने प्रवासातून आणलेल्या वस्तूतून दुसऱ्या देशाची ओळख जन्माला आली ती अशी.

पण या जनावरांची खरी किंमत कळते ती परकीय चलनाच्या खिडकीमागून. बँकेत माझी काही वर्षं त्या खिडकीमागे गेली. खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्या मुलांच्या गोष्टी त्या पिढीत घरोघरी ऐकू येत. डॉलर पावणेपाच रुपयांना होता. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तो साडेसात रुपयांना झाला. तीन डॉलरचं अस्वल आदल्या दिवशी सव्वाचौदा रुपयांचं होतं, ते साडेबावीस रुपयांचं झालं. आज उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, त्यामुळे हा हिशेब नातवंडांना विनोदी वाटेल. पण वसतिगृहात भांडी घासून पैसे साठवणारं पोर दुकानात उभं राहून मनात रुपयेच मोजत असे. अस्वल घ्यायचं म्हणजे कुठंतरी एक जेवण कमी करायचं.

असं जेवण वाचवून आलेलं जनावर आईबापांनी कसं जपलं असेल! बँकेच्या भाषेत सांगायचं तर ते तारण होतं. मुलगा आज ना उद्या परत येईल, त्याचं तारण. पुष्कळ घरांत पुढं असं झालं, की तारण कपाटात राहिलं आणि मुद्दल परदेशात.

आमच्या शेजारच्या काकूंकडे असा एक पांढरा, चिनी मातीचा हंस आहे. त्यांच्या मुलाने जर्मनीतल्या ग्योटिंगेनला डॉक्टरेट केली. या गावाचं नाव पुण्याला नवं नाही. तिथल्या विद्यापीठाने १८८५ साली रा. गो. भांडारकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली होती. गावच्या जुन्या नगरभवनासमोर १९०१ सालचं कारंजं आहे, त्यावर हंस घेऊन उभी असलेली मुलगी. नव्या डॉक्टराने कारंज्यावर चढून तिला फुलं द्यायची आणि तिचा मुका घ्यायचा, अशी तिथली रीत. १९२६ साली नगरपालिकेने त्यावर बंदी घातली. एक विद्यार्थी कोर्टात गेला आणि हरला. मुके मात्र थांबले नाहीत. काकू काशीपलीकडे कधी गेल्या नाहीत, पण हे सगळं त्या आळीतली बातमी सांगावी तसं सांगतात.

गेल्या वर्षी इमारत पुनर्विकासाला निघाली आणि घर आवरायला मुलगा आला, सोबत त्याचा विशीतला मुलगा. पलंग वॉचमनला गेला, पितळ मोडीत गेलं. नातवाने हंस उचलून बापाला काही विचारलं. बाप म्हणाला, “असेल कुठल्या तरी स्टेशनावर घेतलेला.”

“स्टेशनावर नव्हे,” काकू म्हणाल्या. “शनिवारच्या बाजारात. पाऊस होता. तुझ्या बुटाला भोक पडलं होतं आणि बुटासाठी ठेवलेल्या पैशांतून तू हा घेतलास. पत्रात लिहिलं होतंस.”

मुलगा बघतच राहिला. मग आई मराठीत सांगत होती, तो मुलाला जर्मनमध्ये सांगत होता, आणि सांगता सांगता स्वतःच पहिल्यांदा ऐकत होता. परदेशातले ते दिवस त्याने काढले खरे. पण ते सांभाळले होते, दर शनिवारी फडकं फिरवून, कधीच तिकडे न गेलेल्या बाईने.

नातवाने हंस मागितला. काकूंनी तो पदराने पुसला आणि सामानाच्या खोक्यात स्वतःच्या साड्यांमध्ये ठेवला.

“मी आहे तोवर इथंच राहू दे,” त्या म्हणाल्या.

तारण अजून सुटलेलं नाही.