गिटारच्या मानेतील सळई : काम एकच, रचना निराळ्या

पावसाळा सुरू झाला की गोव्यातील अनेक गिटारवादकांची एक तक्रार ठरलेली असते. काल-परवापर्यंत सुरेल वाजणारी गिटार अचानक झणझणू लागते किंवा तारा दाबताना बोटे दुखू लागतात. लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते आणि कोरड्या, वातानुकूलित खोलीत तो सोडते. त्यामुळे वाद्याच्या मानेचा बाक बदलतो. यावर उपाय म्हणून इलेक्ट्रिक गिटारच्या मानेत पोलादी सळई बसवलेली असते. तिला ‘ट्रस रॉड’ म्हणतात. मात्र ही सळई सर्व गिटारींत सारखी नसते आणि हा फरक न जाणता फिरवलेला पाना वाद्य कायमचे निकामी करू शकतो.

सळईची गरज का?

इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण साधारणपणे 40 ते 50 किलो वजनाइतका होतो. हा ताण मानेला सतत पुढे, म्हणजे तारांच्या दिशेने वाकवत असतो. सळई त्याच्या विरुद्ध दिशेने जोर लावते. मान अगदी सरळ असणेही सोयीचे नसते. कंप पावणाऱ्या तारेला जागा मिळावी म्हणून किंचित बाक हवाच. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार एकाच वेळी दाबून धरली असता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे पाव मिलिमीटर अंतर दिसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

दोन घराण्यांच्या दोन वाटा

अमेरिकेतील गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांच्या जुळवता येणाऱ्या सळईला 1923 मध्ये पेटंट मिळाले. गिब्सनच्या गिटारींत सळईचा नट हेडस्टॉकवर, एका छोट्या झाकणाखाली असतो. झाकणाचे स्क्रू काढले की तारा न उतरवता जुळवणी करता येते. या सोयीची किंमतही आहे. नटासाठी लाकूड नेमके तेथे कोरावे लागते जेथे मान सर्वांत बारीक असते. हेडस्टॉक मागे कललेला असल्याने गिटार पडल्यास याच जागी ती मोडण्याची भीती अधिक.

लिओ फेंडर यांना आरंभी कठीण मेपलच्या मानेला सळईची गरजच वाटली नव्हती. 1950 मधील एस्क्वायरच्या पहिल्या गिटारी सळईविना बनल्या. पुढे त्याच वर्षी सळई आली. अखंड मेपलच्या मानेत ती मागून खोबण पाडून बसवली जाई व वर अक्रोडाच्या लाकडाची गडद पट्टी चिकटवली जाई. जुन्या घडणीच्या फेंडर गिटारींच्या मागे दिसणारी रेघ ती हीच. नट मात्र मानेच्या बुडाशी, धडाच्या आत. हेडस्टॉकचे लाकूड शाबूत राहते, पण जुळवणीसाठी तारा सैल करून मान धडापासून सुटी करावी लागते. नट थोडा फिरवायचा, मान पुन्हा जोडायची, सूर लावायचा आणि फरक पाहायचा, असा हा खटाटोप असतो. 1971 च्या सुमारास कंपनीने स्ट्रॅटोकॅस्टरचा नट बंदुकीच्या गोळीसारख्या आकारात हेडस्टॉकवर आणला.

म्युझिक मॅन कंपनीने मधला मार्ग काढला. मानेच्या बुडाशी भोके असलेली चाकी उघडीच ठेवली. भोकात बारीक दांडा घालून ती फिरवायची. काहीही सुटे करावे लागत नाही. रिकनबॅकर गिटारींत दोन सळया शेजारी-शेजारी असतात आणि दोन्हींचे नट स्वतंत्र असतात.

एकेरी आणि दुहेरी

नटाच्या जागेपेक्षा महत्त्वाचा फरक सळईच्या क्रियेचा आहे. पारंपरिक एकेरी सळई वाकड्या खोबणीत बसवलेली असते. नट आवळला की ती सरळ होऊ पाहते आणि मानेला मागे रेटते. नट सैल केला की मानेला पुढे खेचण्याचे काम केवळ तारा करतात. म्हणजेच मान स्वतःहून मागे वाकली असेल, तर ही सळई हतबल ठरते. दुहेरी सळई दोन्ही दिशांना जोर लावू शकते. तिच्या एका प्रकारात एकमेकींना जोडलेल्या दोन पट्ट्या किंवा सळया असतात. नट एका बाजूला फिरवला की मान मागे जाते, दुसऱ्या बाजूला फिरवला की पुढे येते. दमट हवेच्या प्रदेशात हा लाभ मोठा आहे.

हात लावण्यापूर्वी

नट कोठे आहे, सळई एकेरी की दुहेरी आणि योग्य मापाची अ‍ॅलन की किंवा पाना कोणता, हे आधी निश्चित करावे. चुकीच्या मापाने नटाचे कोपरे झिजले तर दुरुस्ती खर्चिक होते. बहुतेक गिटारींत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यास बाक कमी होतो. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. लाकडाला स्थिरावण्यास वेळ द्यावा. नट अडत असेल तर बळजबरी नको. तुटलेली सळई बदलण्यासाठी बहुधा फिंगरबोर्डच उकलावा लागतो. तारांची उंची कमी-अधिक करण्यासाठीही सळईचा वापर करू नये; ते काम ब्रिजवरील स्क्रूंचे आहे.

जुनी गिटार विकत घेताना नट दोन्ही बाजूंना सहज फिरतो का, एवढे पाहिले तरी पुढचा मोठा खर्च टळू शकतो. वरून रंग कितीही चकाकत असला, तरी नट शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि मान अजूनही पुढे वाकलेली असेल, तर त्या वाद्यात जुळवणीला वाव उरलेला नाही, हे ओळखावे.